चोरीस, पाव आणि पेण-रोह्याची वाट

जुबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं दिली, कोण कोण धर्मगुरू होऊन गेले, हें सर्व लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. त्या गोष्टी ह्या पुस्तकांत इतरत्र आल्या आहेत. आम्हीं मात्र ह्या निबंधासाठीं देवळाची पायरी उतरून वाचकांच्या स्वयंपाकघरांत शिरण्याचें ठरविलें आहे. राजेरजवाड्यांचा इतिहास तहनाम्यांत सांपडतो. गोरगरिबांचा इतिहास पुष्कळदां चुलीवरच्या शिंक्यावर टांगलेला असतो. तेथें टांगलेल्या एका पदार्थाची कथा आज सांगावयाची आहे. गोव्याकडे त्यास चोरीस म्हणतात, इंग्रजी शिकलेले सॉसेज म्हणतात.

विषय कांहींसा हलका वाटेल, हें आम्ही जाणतों. परंतु पेण व रोहे ह्या तालुक्यांत आपला ख्रिस्ती समाज विखुरलेला आहे. त्यांत कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, कोणी वसईचे, कोणी केरळचे, कोणी कोर्लईचे, तर कोणी येथल्याच मातीचे आहेत. सणाच्या दिवशीं हीं सारीं माणसें एका वेदीपुढें गुडघे टेकतात. पण ताटावर बसतांना त्यांत दोन मतें दिसून येतात. कांहींस वाटतें कीं डुकराचें मांस व चोरीस हें ख्रिस्ती माणसाचें जणूं निशाण आहे. जो तें खात नाहीं तो अर्धवट ख्रिस्ती. दुसऱ्या कांहींस ह्या पदार्थाची शेजाऱ्यांपुढें लाज वाटते, आणि तो दाराआड खाण्याचा परकी पदार्थ आहे असें ते मानितात. ह्या दोन्ही मतांस इतिहास काय उत्तर देतो तें आपण पाहूं.

प्रथम वस्तूची ओळख. डुकराचें मांस चरबीसकट बारीक कापावयाचें, त्यास मीठ चोळून वजनाखालीं दाबून ठेवावयाचें, म्हणजे आंतील पाणी निघून जातें. मग तांबड्या सुक्या मिरच्या, लसूण, आलें, जिरें, मिरीं, लवंग, दालचिनी आणि हळद हा मसाला माडीच्या शिरक्यांत वाटून त्यास लावावयाचा. तें मुरलें म्हणजे स्वच्छ केलेल्या आतड्यांत भरून, दोऱ्यानें ठिकठिकाणीं आवळून त्याच्या माळा करावयाच्या. ह्या माळा उन्हांत वाळवितात आणि चुलीच्या धुरावर टांगतात. मीठ, आंबट, ऊन आणि धूर असे चार पहारेकरी उभे राहिल्यावर नासाडीस आंत येण्यास वाट राहत नाहीं. म्हणून महिनेच्या महिने हें मांस टिकतें.

पावसाळ्यापूर्वीं घरांत भरून ठेवण्याच्या ह्या सामानास गोव्यांत पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे व त्याचा अर्थ तरतूद. मे महिन्याच्या सुमारास तेथें त्या नांवाचें फेस्तही भरतें. आपल्याकडे ह्यासच आगोटीची बेगमी म्हणतात. जी माउली पेणच्या अंगणांत वैशाखाच्या उन्हांत पापड, फेण्या व मिरगुंडें वाळत घालते, जी कोळीण सुकट-बोंबील परडींत भरून माळ्यावर ठेवते, आणि जी गोंयकार बाई चोरिसाच्या माळा धुरावर टांगते, त्या तिघी एकाच शाळेंत शिकल्या आहेत. खारेपाटांतील मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस मिठाची थोरवी आम्हीं सांगावयास नको. पदार्थ निराळे असले तरी विद्या एकच, आणि ती ह्या कोंकणपट्टीची आहे.

मग ह्यांत परकें तें काय? पोर्तुगालांत लसूण, द्राक्षाचें मद्य आणि तांबड्या मिरचीची सौम्य पूड घालून असेंच मांस भरतात. चोरीस हें नांवही तेथलेंच. परंतु गोव्यांत द्राक्षें कोठून आणावीं? माड मात्र दारोदार. म्हणून मद्याच्या जागीं माडीचा शिरका आला आणि मसाल्याच्या पिशव्या तर येथेंच होत्या. राहिली मिरची. ती ना आपली ना पोर्तुगीजांची. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेस पोंचला, त्यानंतर ती तिकडून जहाजांवर चढली आणि पोर्तुगीजांच्या हातून आपल्या किनाऱ्यास लागली. त्यापूर्वीं आपल्या पूर्वजांच्या कालवणास तिखटपणा येई तो मिऱ्यांचा. नव्या फळास आपण मिरची हें नांव दिलें तेंही मिऱ्यावरूनच.

त्याच जहाजांच्या मार्गानें बटाटा आला, काजू आला, अननस व पपई आली, आणि पाव हा शब्द पावासकट आला. आज पेणच्या एस. टी. स्थानकाबाहेर किंवा रोह्याच्या रेल्वे स्टेशनावर आपला हिंदु बंधु मोठ्या आवडीनें वडापाव खातो. त्यांतला पाव पोर्तुगीजांचा, बटाटा अमेरिकेचा, आणि सोबतची मिरचीही तिकडचीच. तो वडापाव परका आहे असें कोणी म्हणेल काय? वडापाव आणि चोरीसपाव हीं एकाच गलबतांतून उतरलेलीं भावंडें आहेत. एक सर्वांच्या घरीं नांदावयास गेलें, दुसरें ख्रिस्ती घरांतच राहिलें, एवढाच काय तो फरक.

तीं गलबतें आपल्यापासून दूर कोठें लागत नव्हतीं. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथें समुद्रास मिळते, तेथें एका बाजूस रेवदंडा व दुसऱ्या बाजूस कोर्लई उभी आहे. जुनें चौल बंदर तें हेंच. १५०८ सालीं ह्याच खाडींत मिसरच्या व गुजराथच्या आरमाराशीं लढतांना पोर्तुगीज विजरईचा पुत्र दों लोरेन्सु द आल्मैदा मारला गेला. १५२१ सालीं निजामशहाच्या संमतीनें पोर्तुगीजांनीं तेथें कोट बांधण्यास आरंभ केला. १५७० व १५७१ ह्या सालांत निजामशाही फौजेनें त्यास वेढा घातला, पण तो कोट पडला नाहीं. शेवटीं वसई पडल्यावर १७४० सालीं चौल व कोर्लई मराठ्यांच्या हातीं आलीं. पोर्तुगीज गेले, परंतु कोर्लईचे ख्रिस्ती लोक आपल्या माउंट कार्मेलच्या मातेजवळ राहिले, आणि पोर्तुगीजांतून उपजलेली एक निराळी बोली ते आजही घरांत बोलतात. म्हणजे ज्या संस्कृतीनें चोरीस जन्मास घातलें, तिचा शेजार रोहेकरांस दोनशें वर्षांहून अधिक काळ नदीच्या मुखाशीं लाभलेला आहे.

आतां कथेचा कडू भाग. तो वगळला तर आम्ही इतिहास लिहिला असें म्हणतां येणार नाहीं. चौलच्या त्या काळांत आपला हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहींत मोडत होता. त्या निजामशहाच्या दरबारीं गार्सिया द ओर्ता नांवाचा एक विख्यात पोर्तुगीज वैद्य येत असे. हिंदुस्थानच्या औषधींवर त्यानें लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला, आणि त्याची थोरवी विद्वान लोक अद्यापि मानितात. हा वैद्य बाप्तिस्मा घेतलेल्या यहुदी कुळांतला होता. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. गुप्तपणें यहुदी धर्म पाळणारांचा शोध करणें हें त्याच्या मुख्य कामांपैकीं एक होतें, आणि एखाद्या घरांत डुकराचें मांस खात नाहींत ही गोष्टही संशयाची खूण धरली जाई. ओर्ता १५६८ सालीं वारला. पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यांत आलें. आणि १५८० सालीं खुद्द ओर्त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळलीं. न्यायासन शेवटीं १८१२ सालीं बंद झालें.

पोर्तुगालांतही हीच दशा होती. तेथें मिरांदेला गांवाच्या बाजूस आल्येइरा नांवाचें एक सॉसेज प्रसिद्ध आहे. त्यांत पाव व कोंबडी भरून डुकराच्या सॉसेजाचें सोंग आणण्याची युक्ति जुन्या यहुदी कुटुंबांनीं काढली, असें तिकडचे लोक परंपरेनें सांगतात. धुराड्यांत माळा लोंबतांना दिसल्या म्हणजे शेजारी समजे कीं घर निर्धोक आहे. दंतकथेंत तपशील कमीजास्त असेल. परंतु ज्या समाजांत अशी कथा जन्मास येते, तेथें मनुष्याच्या ताटाकडे कोणत्या दृष्टीनें पाहत असतील, हें सांगावयास नको.

ही गोष्ट पेण-रोह्याच्या वाचकांपुढें मांडण्याचें कारण आहे. आपल्या ह्याच किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहत आले. नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून आपले पूर्वज येथें आले, असें ते सांगतात. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ पाळून शनिवारीं घाणा बंद ठेवीत; म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. त्यांचीं आडनांवें ऐका : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगांवकर. आपल्या गांवांचीं नांवें त्यांनीं आपल्या कुळांस लाविलीं. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ लोक इस्राएल देशास गेले; पेण व रेवदंडा येथील त्यांचीं प्रार्थनामंदिरें त्यांच्या वस्तीची साक्ष देतात. ते मराठी बोलत, नऊवारी नेसत, नारळाच्या रसांत भात शिजवीत, आणि डुकराच्या मांसास शिवत नसत. येथल्या हिंदु-मुसलमान शेजाऱ्यांनीं त्यासाठीं त्यांचा कधीं छळ केला नाहीं. ही ह्या भूमीची पुण्याई होय. तिच्यापुढें गोव्याचें तें न्यायासन ठेवून पाहिलें म्हणजे आम्हां ख्रिस्ती लोकांची मान खालीं जाते. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं १२ मार्च २००० रोजीं रोमच्या सेंट पीटर महामंदिरांत ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नांवाखालीं केलेली बळजबरी व इस्राएल प्रजेविरुद्ध केलेलीं पापें ह्यांचा उच्चार त्या प्रार्थनेंत स्पष्ट होता.

चोरिसावर चढलेला हा डाग पुढें कोणीं धुतला असेल, तर तो पोटासाठीं देशोधडीस लागलेल्या गरीब गोंयकारानें. गोव्यांत शेती तोकडी, म्हणून तेथली माणसें मुंबईस आलीं. कोणी आगबोटीवर खलाशी झाले, कोणी आचारी, कोणी शिंपी, कोणी बँडांत वाजविणारे, आणि बाया साहेबांच्या घरीं आया म्हणून राहिल्या. धोबी तलाव, गिरगांव, माझगांव ह्या भागांत एकेका गांवच्या लोकांनीं मिळून राहण्याच्या खोल्या घेतल्या. त्यांस कूड म्हणतात. धोबी तलावाच्या जेर महाल इमारतींत असे कित्येक कूड एका छपराखालीं होते. भिंतीशीं ज्याची त्याची पेटी, जमिनीवर चटई, कोपऱ्यांत गांवच्या रक्षक संताची वेदी, आणि संध्याकाळीं सर्वांनीं मिळून म्हणावयाची रोजरी, हा कुडाचा नेम. गांवाहून परतणाऱ्याच्या पेटींत चोरिसाची माळ असे. न नासणारें, थोडक्यांत पुष्कळ चव देणारें हें खाणें कुडाच्या चुलीस फार सोईचें. दोन मणी कांद्याबरोबर परतले कीं चौघांचा पाव सुखानें खपे.

खाणारे आले तेथें विकणारे येतातच. १८६९ सालीं बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटांत, ज्यास आतां महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात, डुकराच्या मांसाचा विभाग निराळा होता. आवर लेडी ऑफ डोलर्स देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत गोमंतकी खानावळी निघाल्या. त्यांतील स्नोफ्लेक हें नांव जुन्या मुंबईकर ख्रिस्ती वाचकांच्या कानावरून गेलेलें असेल. कुलाब्यास स्ट्रँड चित्रपटगृहाजवळच्या न्यू मार्टिननें तर थोड्याशा मेजांवर पारशी, हिंदु, गोंयकार अशा सर्वांस दाटीनें बसवून चोरीस-कांदा खाऊं घातला. सप्टेंबरांत बांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेंत मेणबत्त्यांच्या दुकानांशेजारीं चोरीसपावाच्या वासानें माणूस थबकतो. ज्या चवीपायीं एके काळीं शेजाऱ्यानें शेजाऱ्यावर पाळत ठेविली, त्याच चवीनें मोठ्या शहरांत अनोळखी माणसांस एका बांकावर बसविलें, हा ह्या कथेंतला मोठा पालट होय.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मुंबई, साष्टी व वसई येथील मूळच्या ख्रिस्ती लोकांनीं १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या जुबिलीच्या वर्षीं, ईस्ट इंडियन हें नांव घेतलें. गोव्याहून येणाऱ्या धर्मबंधूंपासून आपली ओळख निराळी राहावी हा त्यांत एक हेतु होता. त्यांचा बाटली मसाला निराळा, इंद्याल निराळें, भाषा मराठी. तरीसुद्धां आज त्यांच्या घरीं नाताळांत चोरीस शिजतें आणि गोंयकाराच्या घरीं बाटली मसाला सांपडतो. नांवानें केलेलें अंतर चुलीनें मिटविलें.

गोव्याचें चोरीस मुंबईस जातें तें कोणत्या वाटेनें? पूर्वीं पणजीची आगबोट आपल्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोरून जाई. १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत गोवा परकी सत्तेखालीं असल्यानें हा प्रवास परदेशच्या प्रवासासारखा होता. पुढें मुंबई-गोवा रस्ता वाहता झाला. तो पेणवरून, वडखळवरून, नागोठण्याकोलाडवरून जातो. आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वेचा सबंध मार्ग सुरू झाला. त्या ७४१ किलोमीटर मार्गाचा आरंभ होतो तो रोह्यास. म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारांत घेतलेली चोरिसाची माळ गाडींत बसली कीं, रोहें आणि पेण हीं दोन गांवें ओलांडल्याशिवाय तिला मुंबई दिसत नाहीं. आपला धर्मग्राम ह्या वाटेवरचा मुक्काम आहे. ह्या वाटेनें आलेल्या पुष्कळांनीं धाटाव-नागोठण्याच्या कारखान्यांत चाकरी धरली, येथेंच घर केलें, आणि आज त्यांचीं नातवंडें आपल्या वेदीपाशीं सेवा करितात.

दूरच्या जगांतही असेंच घडलें आहे. जर्मनींत शहराशहराचें सॉसेज निराळें. फ्रांकफुर्टचें लांबट सॉसेज जर्मन लोकांबरोबर अमेरिकेस गेलें, तेथें पावांत बसलें, आणि त्यास हॉट डॉग असें विनोदी नांव पडलें. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर तें पांच सेंटांस विकून ज्यानें सर्वांचें केलें, तो नेथन हँडवर्कर पोलंडांतून आलेला यहुदी होता. त्याचें सॉसेज गोमांसाचें होतें. ज्या पदार्थानें एके ठिकाणीं यहुदी माणसाची परीक्षा पाहिली, तोच पदार्थ दुसरीकडे यहुदी माणसानें आपल्या हातानें जगास वाढला. आपल्याकडेही जर्मन देशाचे येशूसंघीय धर्मगुरू पुष्कळ वर्षें झिजले. १८६९ सालीं मुंबईचें सेंट झेवियर कॉलेज निघालें तें त्यांच्याच श्रमानें, आणि १९०३ सालीं फादर डोरिंग ह्यांनीं ‘निरोप्या’ सुरू केला. सॉसेजांच्या देशांतून आलेल्या ह्या पुरुषांनीं आपणांस तिकडचें ताट दिलें नाहीं; मराठी शिकून मराठींत सुवार्ता दिली. श्रद्धा देण्यासाठीं खाणें बदलावें लागत नाहीं, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कोणता?

हीच शिकवण शास्त्रांत आहे. माणसास विटाळ होतो तो पोटांत जाणाऱ्या अन्नानें नव्हे, तर अंतःकरणांतून निघणाऱ्या दुष्टपणानें, असें प्रभु येशूनें शिकविलें. संत पेत्रास याफो येथें छपरावर दर्शन झालें, त्याचा अर्थ त्यास पुढें कर्नेल्याच्या दारांत उमगला : विषय अन्नाचा नव्हता, माणसांचा होता. आणि संत पौलानें रोमकरांस बजाविलें कीं खाणारानें न खाणारास तुच्छ मानूं नये, न खाणारानें खाणारास दोष लावूं नये. पहिल्या वाक्यानें आपली लाज जावी, शेवटच्यानें आपला ताठा जावा.

जातां जातां ज्या शब्दासाठीं हें पुस्तक निघत आहे, त्याविषयीं एक आठवण देतों. जुबिली हा शब्द आपणांस यहुदी प्रजेकडून मिळाला. दर पन्नासाव्या वर्षीं त्यांच्यांत शिंग फुंकीत, गुलाम मुक्त होत, गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत मिळे. म्हणजे ज्या लोकांची आपल्या पूर्वसूरींनीं डुकराच्या मांसावरून परीक्षा पाहिली, त्यांच्याच घरचा सण आपण आज साजरा करीत आहों. तेव्हां जुबिलीच्या मेजवानींत चोरीसपाव अवश्य असूं द्या. कोंकणच्या उन्हाची, माडीच्या शिरक्याची आणि कुडांतल्या गरीब माणसांच्या कष्टांची ती चव आहे, तींत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु त्याच मेजावर तांदळाची भाकरी, मासळीचें कालवण आणि ज्यांस मांस चालत नाहीं त्या पाहुण्यांसाठीं पेणचे पापड व वरणभातही तितक्याच मानानें मांडलेला असूं द्या. आपल्या दारीं येणाऱ्या कोणत्याही मनुष्यास, तो ख्रिस्ती असो वा नसो, आपल्या ताटाकडे पाहून आपली परीक्षा चालली आहे असें पुन्हां कधीं वाटूं नये, एवढी कृपा परमेश्वर ह्या धर्मग्रामावर करो.